शांत डोळ्याचे नव्वद दिवस

तीन ऑक्टोबर, सकाळचे साडेसात. रक्कम रुपये दहा. हजर: मी, माझी पत्नी आणि मागच्या गल्लीत राहणारी माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो. पत्नी अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवताना सापडली, म्हणून मी तिला दहा रुपये दंड केला आणि ते हळदीच्या रिकाम्या डब्यात टाकायला लावले.

"गॅसवर तापव म्हनलं होतं ना तुले?"

"बादलीभर पान्यासाठी गॅस जाळू? सिलिंडर का तुमच्या मिलमधी पिकते?"

बाई दारात उभी होती, ती हसली. "भाऊ, बायको हाये का मिलवरचा ट्रक? उभी करून काटा करून राह्यला तू तिचा."

मी हसलो नाही. तो तेरावा दिवस होता आणि मला नव्वद हवे होते.

मी सिंदेवाहीला एका राइस मिलच्या वजनकाट्यावर कारकून आहे. ट्रक काट्यावर येतो, आकडा डोलत राहतो, तो थांबला की मी लिहितो. डोलता आकडा लिहायचा नाही हा माझा सव्वीस वर्षांचा नियम आहे. सही केलेली पावती मी एकदाही खोडलेली नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे झालं ते याच सवयीतून झालं, म्हणून सांगतो.

पत्नीच्या डोळ्यांच्या आत सूज येते. वरून डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सहन होत नाही. औषधानं ती बसते आणि काही महिन्यांनी पुन्हा उठते. ती सूज दाबायला जे थेंब वर्षानुवर्षं घालावे लागतात, त्यांनीच मोतीबिंदू लवकर पिकतो. थेंब बंद केले तर सूज येते. मोतीबिंदू काढायला डोळा उघडला आणि आत सूज असली, तर ऑपरेशनच डोळा घेऊन जाऊ शकतं. कधीकधी काट्यावर ट्रक असा अडकतो, पुढे फाटक बंद आणि मागे दुसरा ट्रक चिकटून उभा. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहतो. आमचं तसं झालं होतं, फक्त हॉर्न वाजवण्यासारखं कुणी नव्हतं.

तिचा उजवा डोळा पाच वर्षांपूर्वी गेला. तो कसा गेला तेही लिहितो. तालुक्याला मोफत शिबिर होतं. डोळा लाल होणाऱ्यांना तिथून परत पाठवतात असं मी ऐकलं होतं. जाताना रस्त्यात मी तिला म्हणालो, "डोळा लाल होते का इचारलं तर नाई म्हन." तिनं नाही म्हटलं. तिथल्या लोकांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला. आठ दिवसांत डोळ्यात पू झाल्यासारखं पांढरं दिसू लागलं, आणि महिनाभरात त्या डोळ्यानं दिवस आहे की रात्र एवढंच कळू लागलं. चूक शिबिराची नव्हती. माझी होती.

आता डावा राहिला होता. त्यातही मोतीबिंदू इतका वाढला होता की ताटातली भाजी कोणती, हे ती वासावरून सांगायची. शाळेत पोषण आहार शिजवण्याचं तिचं काम सुटलं, कारण तांदळातला खडा दिसेना.

नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंना मी पहिल्याच भेटीत शिबिराची सगळी हकीकत सांगितली. त्या रागावल्या नाहीत. तपासणीच्या यंत्राला बाजूला एक नळी होती, तीतून त्यांनी मलाही बघू दिलं. बाहुलीसमोरच्या पाण्यात बारीक कण फिरत होते. मिलमध्ये छपराच्या कवेलूंच्या फटीतून उन्हाची तिरीप येते आणि तीत कोंडा उडताना दिसतो, अगदी तसे.

"काका, हे कण सगळे जायला हवेत," त्या म्हणाल्या. "आणि गेल्यावर तीन महिने परत यायला नकोत. नव्वद दिवस शांत डोळा. मधे एकदा जरी सूज आली तरी मोजणी पहिल्यापासून."

आधी गोळ्यांनी सूज बसवली आणि वीस सप्टेंबरला त्यांनी पुन्हा पाहिलं. कण नव्हते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला आणि एकोणीस डिसेंबरला दुसरा. मधले दिवस रोज रात्री लाल पेनानं खोडायचो.

आता गोळ्या बंद, फक्त थेंब, दिवसातून चार वेळा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, झोपताना दहा. बाराच्या थेंबासाठी मी मिलमधून सायकलनं घरी यायचो. तिला स्वतःला थेंब घालता येत नसे, बाटलीचं तोंड कुठे आहे ते दिसत नव्हतं. ती खाटेवर आडवी व्हायची, मी खालची पापणी ओढायचो आणि एक थेंब. एकच. दुसरा पडला तर बाटली लवकर संपते.

आता बाटलीचं. औषध पांढरं होतं, पाणी घातलेल्या दुधासारखं. काही तास ठेवलं की पांढरं खाली बसायचं आणि वर स्वच्छ पाणी राहायचं. ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि मला काही शंकाही आली नाही. मी ज्या गावात वाढलो, तिथे पावसाळ्यात विहिरीचं पाणी तांबडं यायचं. आई जंगलातून आणलेली निवळीची बी माठाच्या आतल्या बाजूला घासायची आणि माठ झाकून ठेवायची. सकाळपर्यंत गाळ खाली. वरचं पाणी अलगद घ्यायचं, माठाला धक्का लावायचा नाही. मी सात वर्षांचा असताना एकदा माठ हलवला म्हणून थप्पड खाल्ली होती. निवळलेलं ते चांगलं आणि खालचं ते गाळ, हे मला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती.

म्हणून मी ती बाटली हलू दिली नाही. फ्रिजच्या दारात ठेवली तर दार उघडताना हिंदकळेल, म्हणून आतल्या कोपऱ्यात स्टीलच्या पेल्यात उभी ठेवली. घालताना हळूच तिरपी करायचो, वरचा स्वच्छ थेंब पडेल इतकीच. बाटली संपली की तळाला पांढरा थर चिकटलेला उरायचा. तो गाळ समजून बाटली फेकून द्यायचो. अशा दोन फेकल्या.

आणि लक्ष ठेवलं चुलीवर. धुरानं डोळा बिघडतो असं माझं मत होतं. दंडाची गोष्ट त्यातून निघाली. पत्नी चोरून चुलीपाशी जायचीच. कधी पाणी, कधी वांगं भाजायला, कधी नुसतंच.

"वांगं गॅसवर भाजते का कोनी?" ती म्हणायची. "त्याले चव लागते का? दहा रुपयाचं वांगं अन् दहा रुपये दंड. घ्या."

नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत डब्यात एकशे चाळीस रुपये झाले. चौदा वेळा.

सव्वीस नोव्हेंबरला सकाळी तिचा डोळा लाल दिसला. ती म्हणाली, केस गेला असेल. संध्याकाळी तिनं खिडकीकडे पाठ केली, तेव्हा मला कळलं. एकोणतीसला नागपूर गाठलं. सत्तरावा दिवस. तोवर मी दोनशे ऐंशी थेंब घातले होते, एकही चुकला नव्हता.

डॉक्टरबाईंनी यंत्रातून पाहिलं आणि मान हलवली. तिच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारं औषध घालून तिला बाहेर बाकावर डोळे मिटून बसवलं आणि मला थांबायला सांगितलं. "औषध कोणतं चालू आहे ते दाखवा."

मी पिशवीतून डबा काढला. डब्यात कापूस, कापसात बाटली उभी. बसच्या गचक्यांनी हलू नये म्हणून साडेतीन तास मी तो डबा मांडीवर धरून आणला होता. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली.

"काका, ही हलवून घालता ना?"

"नाही मॅडम. अजिबात हलू देत नाही."

त्यांनी बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "खाली पांढरं बसलंय ना, तेच औषध आहे. वरचं जवळजवळ नुसतं पाणी. प्रत्येक वेळी जोरात हलवायची असते. बाटलीवर लिहिलंय, पण इतकं बारीक की आमच्याकडूनही सांगायचं राहिलं असेल."

"आणि धूर?"

"धुरानं डोळा चुरचुरतो. आतली सूज धुरानं येत नाही."

"म्हणजे हे माझ्यामुळे झालं?"

"असेल. नसेलही. हा आजार कधीकधी आपला आपण उलटतो. आता मोजणी पुन्हा पहिल्यापासून, एवढं नक्की."

ते 'नसेलही' मी घट्ट धरलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे बसली होती. डोळ्यावर काळा चष्मा, त्यावर पदर. नागभीड सुटल्यावर ती म्हणाली, "माझ्यानंच झालं ना? चौदा खेपा गेली मी चुलीपाशी."

मी नाही म्हणालो नाही. कंडक्टर सुटे पैसे परत द्यायला आला, ते मी दोनदा मोजले.

दुसऱ्या दिवसापासून तासातासाला थेंब. दर वेळी बाटली पंधरा वेळा हलवायची, मी मोजून हलवायचो. मिलमधून आठ दिवसांची रजा घेतली, पुढच्या दिवसांत दुपारचे थेंब बाई घालायची. तिलाही हलवायला शिकवलं. का, ते सांगितलं नाही. नव्या औषधाला तसं लागतं म्हणालो.

बाहुली मोठी करणारं औषध चालू असल्यानं तिला उजेड टोचायचा. मागच्या खोलीच्या खिडकीला मी चादर ठोकली. तीन बाय साडेतीन मीटरची खोली. त्यात ती दिवसभर. थेंबांच्या जोडीला पुन्हा सुरू केलेल्या गोळ्यांनी तिचा चेहरा सुजला, साखर वाढली. जानेवारीत गावात मंडईचे, म्हणजे जत्रेचे आणि रात्रभराच्या नाटकांचे, दिवस आले, नाटकाच्या जाहिरातीची गाडी भोंगा लावून गल्लीतून गेली. ती आतून म्हणाली, "मले नेता का? नाटक आयकाले डोये कायले पायजे?"

"धूळ असते तिथी."

"धूळ असते, धूर असते, ऊन असते. तुमच्या कॅलेंडरमधी नाई का घालून ठेवत मले घडी करून?"

मी बाहेर येऊन अंगणात उभा राहिलो. तिला आत ठेवणारा मी होतो आणि मलाही तिथून कुठे जाता येत नव्हतं. खोलीत गेलो की सांगावंसं वाटायचं. पापणी ओढली की तिचा तो एक डोळा सरळ माझ्याकडे बघायचा, त्याला मी दिसत नव्हतो तरी. थेंब पडायचा, पापणी मिटायची, आणि सांगणं राहून जायचं.

दंड मी बंद केला होता. तिनं ते लगेच हेरलं. चुलीवर पाणी तापवून यायची आणि दहाची नोट माझ्यासमोर धरायची.

"घ्या."

"राहू दे."

"काऊन? धूर सस्ता झाला का?"

बाई तिथे असली की तीही सुरात सूर मिळवायची, "वयनी, सूट जाहीर झाली वाटते." दोघी हसायच्या. मी पेपर वाचत असल्याचं दाखवायचो.

तीन जानेवारीला डोळा शांत झाला. नवा गोल तीन एप्रिलवर. या वेळी प्रत्येक दिवस खोडताना मला डोलत्या आकड्यावर सही केल्यासारखं वाटायचं. फेब्रुवारी गेला, मार्चमध्ये ऊन तापलं, खिडकीची चादर ओली करून लावू लागलो. डॉक्टरबाईंनी दोनदा तपासलं. कण नाहीत. नव्वदावा दिवस सरला तेव्हा मी पेन ठेवून दिलं आणि हात धुतले. शाई लागली नव्हती तरी.

सात एप्रिलला ऑपरेशन ठरलं. सहा तारखेला दुपारी भरती केलं. बाहेर बेचाळीस अंश होतं, आत कूलर घरघरत होता. परिचारिकेनं कागद आणून दिला. रुग्णाचा अंगठा किंवा सही, आणि खाली नातेवाइकाची सही. मी सगळा वाचला. बाहुली भिंगाला चिकटलेली आहे, सोडवावी लागेल. वेळ जास्त लागेल. सूज परत येऊ शकते. नजर येईलच असं नाही. सगळ्यात शेवटी एक ओळ होती: रुग्णाला सर्व माहिती समजेल अशा भाषेत सांगितली आहे.

मी पेन उघडलं आणि तसाच थांबलो.

"करा ना सही," ती म्हणाली. "का लिहून हाये त्यात?"

"तुले सगळं सांगतलं असं लिहून हाये."

"मंग?"

"मंग नाई सांगतलं."

आणि मी सांगितलं. बाटली, गाळ, निवळी, आईची थप्पड, डॉक्टरबाईंनी बाटली उजेडाकडे धरली ते, धुराचं, बसमधलं. बोलायला पाच मिनिटंही लागली नसतील. ती छताकडे तोंड करून पडली होती.

"झालं?" ती म्हणाली. "मले माईत हाये."

"कोनं सांगतलं? बाईनं?"

"बाईले का माईत हाये डोंबल. माहे डोये गेले, कान नाई गेले. सत्तर दिवस तुम्ही बाटली आनत होते त देवाची मूर्ती आनल्यासारखी, आवाज नाई. नागपूरहून आलो अन् दुसऱ्या दिवशी सकाळी खळखळ खळखळ. अन् त्याच दिवसापासून दंड बंद. याले का लय हुशारी लागते? एकशे सत्तावीस दिवस झाले."

"अठ्ठावीस," मी म्हणालो. मला स्वतःलाच थांबवता आलं नाही.

"तुमचे अठ्ठावीस. मले एक दिवस उशिरा समजलं."

कूलर घरघरत राहिला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं आमच्याकडे कूस वळवली आणि पुन्हा वळवून घेतली.

"मंग बोलली काऊन नाई?"

तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. मग हळू आवाजात म्हणाली, "बोलली असती त तुमचा हात थरथरला असता. थेंब तुमच्याच हातानं पडत होता ना. एकच डोया राह्यला मले." मग तिनं पुढचंही बोलून टाकलं. "अन् शिबिराच्या वेळी तुम्ही मले खोटं बोलाले लावलं. मी बोलली. तो डोया गेला तरी तुमाले एक शब्द नाई म्हनला. यावेळी म्हनलं, बोलू द्या यायलेच. पाहू, किती दिवस लागते त."

ती पाच वर्षांपूर्वीचं कधी काढेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं ते इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं, हे मी अजूनही सांगू शकत नाही.

"करा आता सही," ती म्हणाली. "आता खरी हाये."

मी सही केली. तारीख घातली, वेळही घातली.

साध्या मोतीबिंदूला पंधरा-वीस मिनिटं लागतात म्हणे. तिला पंचावन्न लागली. मी बाहेरच्या घड्याळाखाली उभा होतो. डॉक्टरबाई बाहेर आल्या, बाहुली सोडवली, भिंग बसलं म्हणाल्या. "आता खरी परीक्षा पुढचा महिना. औषध—" त्यांनी बोटांनी हलवून दाखवलं. मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. ती आधी भिंतीकडे बघत राहिली, मग कूलरकडे, मग माझ्याकडे. मी वाट बघत होतो.

"शर्टाचं तिसरं बटन तुम्ही लावलं का?"

"हो. काऊन?"

"पांढऱ्या शर्टाले निळं बटन. असेच जात होते मिलमधी, चार महिने?"

बाराव्या दिवशी थोडे कण पुन्हा दिसले. तीन रात्री मी झोपलो नाही. थेंब वाढवले, बाटली हलवली, कण गेले. सहा आठवड्यांनी तिनं तक्त्यावरची वरून पाचवी ओळ वाचली. सहावी येत नाही, येणारही नाही बहुतेक, पडद्यावर जुना डाग आहे. उजवा डोळा आहे तसाच आहे. सूज पुन्हा येऊ शकते आणि थेंब दिवसातून एकदा चालूच आहेत. ते आता ती स्वतः आरशात बघून घालते. मी मिलमध्ये असतो. बाटली हलवल्याचा आवाज ऐकायलाही मी तिथे नसतो.

आता शेवटचा व्यवहार. दवाखान्याचं बिल योजनेत बसलं तेवढं बसलं, उरलेलं भरलं, पावत्या फाइलीत आहेत. त्यानंतर तीस मे रोजी, घरी, बाईच्या समक्ष, दंडाचे एकशे चाळीस रुपये परत केले. पत्नी म्हणाली, तुमचा दंड कुठी हाये? दर तोच धरला, दिवसाला दहा. ती एकशे सत्तावीस दिवस म्हणाली, मी एकशे अठ्ठावीस धरले, कारण गप्प मी पहिल्या दिवसापासून होतो. बाराशे ऐंशी आणि एकशे चाळीस. एकूण रुपये चौदाशे वीस, रोख, पत्नीला दिले. तिनं नोटा एकेक करून डोळ्याजवळ धरल्या, मोजल्या, आणि शंभराची एक बाजूला काढून माझ्याकडे सरकवली. कोपरा फाटलेला होता. मला दिसला नव्हता.

ती बदलून दिली.